तीन ते पावणेपाच

इंग्लंडात फुटबॉलचा सामना शनिवारी दुपारी तीनलाच का सुरू होतो, याचं उत्तर खेळात सापडत नाही, गिरणीत सापडतं. १८५० च्या कारखाना कायद्यानं कापडगिरण्यांमधल्या बायकापोरांना शनिवारी दुपारी दोननंतर राबवायला मनाई केली. त्यांच्या हातांवाचून गिरणी चालवणं मालकांना परवडेना, म्हणून हळूहळू पुरुषांचीही अर्ध्या दिवसानं सुटका होऊ लागली. दोनचा भोंगा, मग घरी किंवा गुत्त्यावर एक धावती फेरी, आणि तीनला मैदान. १८८८ साली लँकेशायर आणि मिडलंड्समधल्या बारा क्लबांनी फुटबॉल लीग काढली, तेव्हा ही वेळ कामगारांच्या अंगवळणी पडलेली होती. लीगनं ती मुकाट्यानं उचलली. गिरणगाव पाहिलेल्या मराठी वाचकाला हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको.

मग टेलिव्हिजन आला आणि पंचाईत झाली. लीगचे ब्याण्णव क्लब, बहुतेकांचे सामने शनिवारी, बहुतेक तीनलाच. सगळा देश ज्या गोष्टीकडे कान लावून बसलेला, तीच गोष्ट त्या वेळेत पडद्यावर आणायला बंदी! क्लबांची कमाई तिकिटांची. घरबसल्या सामना दिसला तर पावसात भिजायला कोण येणार, हा त्यांचा सवाल होता आणि तो अगदीच खुळा नव्हता. साठीच्या आणि सत्तरीच्या दशकांतल्या ज्या शनिवारबद्दल तिथली वयस्क माणसं अजून हळवी होऊन बोलतात, तो शनिवार या नकारातून घडला. सकाळी उशिरापासून रात्री अकरापर्यंतचा सगळा कार्यक्रम एका न दाखवलेल्या सामन्याभोवती रचलेला असे.

बंदी मोडायचा एक प्रयत्न झाला होता. १० सप्टेंबर १९६० ला, शनिवारी, आयटीव्ही या खासगी वाहिनीनं ब्लॅकपूल विरुद्ध बोल्टन हा सामना थेट दाखवला. मैदानावरच्या गर्दीला झळ पोचू नये म्हणून तो संध्याकाळी ठेवला होता. ब्लॅकपूलचा स्टॅन्ली मॅथ्यूज म्हणजे त्या काळातलं सर्वांत मोठं नाव, पण तो नेमका जखमी. बोल्टननं कंटाळवाणा सामना एका गोलानं जिंकला. पाठोपाठ आर्सेनल आणि टॉटनहॅम या लंडनच्या बड्या क्लबांनी कॅमेरे आत घ्यायला नकार दिला आणि प्रयोग तिथेच आटोपला. लीगचा पुढचा थेट सामना दिसायला १९८३ उजाडावं लागलं. मधल्या काळात बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड हे या विरोधाचे सेनापती होते. धंद्यानं खाटीक, स्वभावानं अडेलतट्टू. त्यांनी बीबीसीच्या कॅमेऱ्यांना आपल्या मैदानाचं दार कित्येक वर्षं उघडलं नाही, आणि शनिवार दुपारची बंदी कायम राहावी म्हणून इतर क्लबांनाही पटवलं. टेलिव्हिजनचा इतिहास लिहिणारे या गृहस्थाची थट्टा करतात. मला मात्र वाटतं, ब्रिटिश शनिवारच्या करमणुकीचा खरा शिल्पकार शोधायचा तर या खाटकाचं नाव बरंच वर घ्यावं लागेल.

फुटबॉल नाही, तर पाच तास भरायचे कशानं? बीबीसीचं उत्तर होतं ‘ग्रँडस्टँड’. ११ ऑक्टोबर १९५८ ला हा कार्यक्रम सुरू झाला. पॉल फॉक्स आणि ब्रायन कावगिल या दोघांची ही कल्पना. पहिले काही आठवडे पीटर डिमॉक निवेदक होते. मग डेव्हिड कोलमन आले आणि कार्यक्रमाला त्याचा आवाज मिळाला. एकाच खेळाला चिकटून न राहता स्टुडिओतून चार मैदानांवर उड्या मारायच्या, हे तंत्र. घोड्यांची एक शर्यत, मग क्रिकेटची काही षटकं, पुन्हा शर्यत, मध्येच पोहणं किंवा मुष्टियुद्ध. दुपारी रग्बी लीग, कारण त्या खेळाच्या चालकांना कॅमेऱ्याचं वावडं नव्हतं. उत्तरेकडच्या चिखलात लोळणारे ते खेळाडू आणि एडी वॉरिंग यांचं मिस्कील समालोचन हे दक्षिणेतल्या लाखो लोकांनी केवळ फुटबॉल दिसत नाही म्हणून पाहिलं. क्रिकेटवाल्यांची मात्र सतत कुरकुर असे: शतक दोन धावांवर आलेलं असावं आणि चित्र घोड्यांकडे जावं!

या उड्यांमधून कधीकधी घबाडही हाती लागे. ८ एप्रिल १९६७ ची ग्रँड नॅशनल शर्यत. तेविसाव्या कुंपणाशी एक मोकळा सुटलेला घोडा आडवा आला आणि मागून येणारा अख्खा घोळका एकमेकांवर आदळला. फॉइनेव्हन नावाचा एक अडगळीतला घोडा, भाव शंभरास एक, इतका मागे होता की गोंधळ निस्तरत असताना त्याला वाट काढता आली, आणि तो एकटाच पुढे निघून जिंकला. त्या कुंपणाजवळ मायकल ओ’हेअर समालोचन करत होते. घोडा कोणता हे त्यांनी त्या धुमश्चक्रीतही रंगांवरून ओळखलं.

आयटीव्हीचा ‘वर्ल्ड ऑफ स्पोर्ट’ २ जानेवारी १९६५ ला आला. त्याची अडचण अशी की चांगला माल आधीच बीबीसीच्या कोठारात गेलेला. विम्बल्डन, कसोटी क्रिकेट, ग्रँड नॅशनल, सगळं तिकडे. मग आयटीव्हीनं जे मिळेल ते उचललं. बर्फावरच्या मोटारसायकली, कड्यावरून समुद्रात सूर मारणारी माणसं, पाण्यात तरंगत्या ओंडक्यावर तोल सांभाळणारे लाकूडतोडे. १९६८ पासून निवेदक होते डिकी डेव्हिस: मिशा, केसांत पांढरी बट, चेहऱ्यावर असा भाव की ओंडक्यावरचा लाकूडतोडा म्हणजे जगज्जेताच. त्यांच्या पाठीमागे टंकलेखन करणाऱ्या मुलींच्या रांगा दिसत. दुपारच्या पहिल्या भागात ‘आयटीव्ही सेव्हन’ म्हणजे सात शर्यती. १ मे १९६१ पासून ब्रिटनमध्ये रस्त्यावरची पैजेची दुकानं कायदेशीर झाली होती. त्यामुळे दुकानात सातही घोड्यांवर चार पैसे लावून घरी यायचं आणि पडद्यासमोर बसायचं, असा रिवाज पडला.

चार वाजले की कुस्ती. ही वेळ हिशेबानं काढलेली होती: मैदानांवर मध्यंतर उरकलेलं, निकाल यायला चाळीस मिनिटं बाकी. केंट वॉल्टन यांनी १९५५ पासून १९८८ पर्यंत या कुस्त्यांचं समालोचन केलं. नगरपालिकेच्या सभागृहात किंवा पोहण्याच्या तलावावर फळ्या टाकून आखाडा उभारलेला, पहिल्या रांगेत म्हाताऱ्या बायका, हातात पर्स. खलनायक पैलवान दोरांजवळ आला की त्या पर्सनं त्याला बडवत. मिक मॅकमॅनस हा असा एक खलनायक, जॅकी पॅलो दुसरा. पुढे शर्ली क्रॅबट्री नावाचा अवाढव्य माणूस ‘बिग डॅडी’ झाला आणि मार्टिन रुएन ‘जायंट हेस्टॅक्स’. १९८१ साली वेम्बलीत या दोन देहांची टक्कर लावली गेली, तेव्हा ती कुस्ती की दोन कोठारांची धडक, हा प्रश्न कोणी विचारला नाही. कोल्हापूरच्या खासबागेत वाढलेल्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत कळलं असतं की ही नुरा कुस्ती आहे. तिथल्या लोकांनाही ते कळत असावं. तरी १९८५ मध्ये पॅलोनं पुस्तक लिहून सगळं ठरवून होत असल्याचं फोडलं तेव्हा त्याच्या धंदेबंधूंनी त्याला वाळीत टाकलं. दारा सिंग आणि किंगकाँग यांच्या लढती मुंबईत ज्यांनी श्वास रोखून पाहिल्या, त्यांनी या म्हाताऱ्यांना हसू नये.

चार चाळीसला घर गप्प होई. पडद्यावर टेलिप्रिंटर येई आणि एकेक अक्षर उमटत निकाल सरकू लागत. क्लबाचं नाव, आकडा, दुसरं नाव, मग क्षणभर काहीच नाही. कोलमन एकीकडे ते वाचत आणि लगेच सांगत की या विजयानं हा क्लब कितव्या जागी चढला. हातात कागद नसताना! नंतर लेन मार्टिन सगळे निकाल क्रमानं वाचत. हा ऑस्ट्रेलियातून आलेला माणूस पहिल्या कार्यक्रमापासून १९९५ मध्ये मरण येईपर्यंत तेच काम करत राहिला. त्याच्या आवाजाची चढउतार अशी नेमकी होती की दुसऱ्या क्लबाचं नाव उच्चारताच, आकडा ऐकण्याआधीच, जय की पराजय की बरोबरी ते उमगे.

इतकी शांतता फक्त खेळप्रेमापायी नव्हती. घराघरात गुडघ्यावर ‘पूल्स’चं कुपन असे. आठवड्यात कोणते सामने बरोबरीत सुटतील हे ओळखायचं, पोस्टानं पैसे धाडायचे, आणि नशीब असेल तर आयुष्य पालटायचं. लिव्हरपूलच्या लिटलवुड्स कंपनीनं १९२३ मध्ये हा धंदा सुरू केला. १९६१ साली कॅसलफर्डच्या निकल्सन दांपत्याला १,५२,३१९ पौंड लागले. नवरा खाणीतला कामगार. बक्षीस घेताना पैशाचं काय करणार असं विचारल्यावर बायको, व्हिव्ह निकल्सन, उत्तरली की उडवणार, उडवणार, उडवणार. आणि तिनं तो शब्द तंतोतंत पाळला.

या कुपनांपायी एक अफाट प्रकार घडला. १९६२-६३ चा हिवाळा इतका कडक पडला की आठवडेच्या आठवडे मैदानं गोठलेली राहिली. सामने नाहीत म्हणजे निकाल नाहीत, निकाल नाहीत म्हणजे पूल्सच्या कंपन्यांना कुलूप. त्यांनी तोड काढली. २६ जानेवारी १९६३ ला, शनिवारी, लंडनच्या एका सभागृहात टॉम फिनी, टॉमी लॉटन, टेड ड्रेक, जॉर्ज यंग हे नामवंत माजी खेळाडू आणि आर्थर एलिस हे पंच दार लावून बसले. अध्यक्षस्थानी एक लॉर्ड. झाले असते तर या सामन्यांचं काय झालं असतं, हे त्यांनी चर्चा करून ठरवलं आणि ते निकाल टेलिव्हिजनवरून जाहीर झाले. एकही चेंडू लाथाडला गेला नव्हता, तरी लोकांनी कुपनं तपासली. शनिवारला सामना दिसण्याची गरज नव्हतीच. आता तो होण्याचीही गरज उरली नाही!

पाचनंतर पडदा बाप्यांकडून पोरांकडे जाई. हा सांधा बीबीसीला फार दिवस जमत नव्हता. ‘ग्रँडस्टँड’ संपायचं आणि सहाच्या सुमाराचा गाण्यांचा ‘ज्यूक बॉक्स ज्युरी’ यायचा. मधल्या वेळेत प्रेक्षक गळत. क्रीडाप्रेमी बाप आणि गाणीवेडी पोरं दोघांना धरून ठेवील असं काहीतरी हवं, असं नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांनी ठरवलं, आणि त्या गरजेतून २३ नोव्हेंबर १९६३ ला ‘डॉक्टर हू’ अवतरला. निर्माती व्हेरिटी लँबर्ट सत्तावीस वर्षांची. पहिल्या भागाचा दिग्दर्शक होता वारिस हुसेन, लखनौत जन्मलेला, लेखिका अतिया हुसेन यांचा मुलगा. तरुण बाई आणि हिंदुस्थानी पोरगा: त्या काळच्या बीबीसीत दोघांकडेही भुवया उंचावून पाहिलं जाई. आदल्या दिवशी अमेरिकेत केनेडींचा खून झालेला. पहिला भाग कोणाच्या लक्षातच राहिला नाही, म्हणून पुढच्या शनिवारी तो पुन्हा दाखवला. डिसेंबरात डॅलेक नावाची धातूच्या कवचातली जमात आली आणि ब्रिटनमधली मुलं सोफ्यामागे लपून पाहू लागली.

त्यानंतरची संध्याकाळ म्हणजे सगळं कुटुंब एका खोलीत, एका पडद्यासमोर. ‘डिक्सन ऑफ डॉक ग्रीन’ ही भल्या हवालदाराची मालिका १९५५ ते १९७६ अशी एकवीस वर्षं चालली. २ ऑक्टोबर १९७१ ला ब्रूस फोरसाइथचा ‘जनरेशन गेम’ सुरू झाला, मूळ कल्पना डच. सरकत्या पट्ट्यावरून भेटवस्तू जात आणि स्पर्धकाला आठवतील तितक्या त्याच्या. इस्त्री, चहाचा संच, घड्याळ, आणि हमखास एक मऊ खेळणं. ‘टू रॉनीज’ची विनोदी जोडी त्याच वर्षी आली, पार्किन्सन या मुलाखतकाराच्या गप्पाही त्याच वर्षी. करमणूक विभागाचे प्रमुख बिल कॉटन यांनी ही माळ अशी ओवली होती की मध्ये उठून दुसरी वाहिनी लावायला कोणाला सवड मिळू नये.

या संध्याकाळींचे गोडवे गाताना एक गोष्ट गाळली जाते. ‘ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो’ हा शनिवार संध्याकाळचा अतिशय लोकप्रिय कार्यक्रम होता. गोरे गायक तोंडाला काळं फासून काळ्या माणसांची सोंगं आणत. १९५८ ते १९७८, वीस वर्षं. १९६७ मध्ये वंशभेदविरोधी संघटनेनं तो बंद करा म्हणून अर्ज केला, तरी पुढे अकरा वर्षं तो चाललाच. ज्या वर्षांत कॅरिबियन बेटांतली आणि भारत-पाकिस्तानातली माणसं तिथल्या गिरण्यांत आणि बसगाड्यांवर कामाला लागत होती, नेमक्या त्याच वर्षांत. सगळं कुटुंब एकत्र बसायचं हे खरं. कोणतं कुटुंब, हेही विचारायला हवं.

आणि रात्री दहाच्या आसपास, अखेर, फुटबॉल. ‘मॅच ऑफ द डे’चा पहिला भाग २२ ऑगस्ट १९६४ ला बीबीसी-२ वर संध्याकाळी लागला: अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलनं आर्सेनलला ३-२ नं हरवलं. नवी वाहिनी तेव्हा लंडन परिसरातच दिसे. प्रेक्षक सुमारे वीस हजार, म्हणजे त्या दिवशी मैदानावर असलेल्यांच्या निम्म्याहून कमी. क्लबांनी अट घातली होती की कोणत्या सामन्याची चित्रफीत दाखवणार ते आधी फोडायचं नाही. १९६६ मध्ये इंग्लंडनं विश्वचषक जिंकला, तोही शनिवारीच, ३० जुलैला. त्यानंतर कार्यक्रम मुख्य वाहिनीवर गेला आणि रात्रीचा विधी झाला. निकाल कानावर न पडता दहापर्यंत तग धरायची ही एक स्वतंत्र स्पर्धाच होती. ‘व्हॉटेव्हर हॅपन्ड टु द लाइकली लॅड्स?’ या मालिकेनं १९७३ मध्ये याच धडपडीवर एक अख्खा भाग रचला.

डोलारा हलला तो पैशानं. १९७८ मध्ये लंडन वीकेंड या आयटीव्हीच्या कंपनीतल्या मायकल ग्रेड यांनी लीगशी परस्पर सौदा करून बीबीसीचं फुटबॉल पळवायचा घाट घातला. सरकारी यंत्रणेनं तो अडवला, पण तडजोडीत १९८० पासून शनिवारची रात्र दोघांनी आलटून पालटून घ्यायचं ठरलं. बीबीसीची माळ तिथे पहिल्यांदा तुटली. २ ऑक्टोबर १९८३ ला टॉटनहॅम विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट हा सामना थेट दिसला, पण रविवारी. १९८५ च्या हंगामात तर पैशाच्या वादात जानेवारीपर्यंत पडद्यावर लीगचं फुटबॉल दिसलंच नाही. त्याच सप्टेंबरात ‘वर्ल्ड ऑफ स्पोर्ट’ बंद झाला. १९८८ च्या डिसेंबरात कुस्तीही गेली. १९९२ मध्ये प्रीमियर लीग स्थापन झाली आणि थेट सामने उपग्रहाच्या वाहिनीनं विकत घेतले. ‘ग्रँडस्टँड’ रुटुखुटू २००७ च्या जानेवारीपर्यंत टिकला.

आपल्याकडे त्या शनिवारांपैकी दोन येऊन पोचले, म्हणजे खरं तर एकच. २५ जून १९८३ ला लॉर्ड्सवर विश्वचषकाची अंतिम लढत होती आणि तिकडे विम्बल्डनचा मधला शनिवार. बीबीसीच्या कॅमेऱ्यांची चित्रं दूरदर्शननं थेट दाखवली. मुंबई केंद्राची शनिवार संध्याकाळ एरवी मराठी चित्रपटाची. त्या दिवशी मात्र गावसकर, संदीप पाटील आणि बलविंदर संधू हे तीन मुंबईकर पडद्यावर होते. भारत १८३. संधूचा आत वळलेला चेंडू ग्रीनिजनं सोडून दिला आणि दांडी गमावली. वेस्ट इंडिज १४० ला आटोपलं तेव्हा लंडनमध्ये ऊन होतं आणि दादरला मध्यरात्र. त्याआधीचा शनिवार, १८ जून: टनब्रिज वेल्सला झिम्बाब्वेविरुद्ध १७ धावांत ५ गडी गेल्यावर कपिल देवनं नाबाद १७५ केल्या. तिथे कॅमेराच नव्हता. बीबीसीतल्या संपामुळे, असं सांगतात. या डावाची एक फूटभरही चित्रफीत नाही.

शनिवार दुपारची बंदी अजून जिवंत आहे. पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत ब्रिटनमध्ये फुटबॉलचा सामना थेट दाखवता येत नाही. ती फक्त ब्रिटनपुरती आहे. त्यामुळे तीनला सुरू होणारा लिव्हरपूलचा सामना खुद्द लिव्हरपूलमधल्या घरात दिसत नाही; पुण्यात तो हिवाळ्यात रात्री साडेआठला आणि उन्हाळ्यात साडेसातला थेट दिसतो.